कॅम्पसचं नेट: बाहेर पत्ता एकच, आत सही प्रत्येकाची

प्रवेशाच्या दिवशी फायलीत रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र असतं, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स असते, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचा कागद असतो. त्याच गठ्ठ्यात बऱ्याच ठिकाणी आणखी एक पान निघतं: 'संगणक व नेटवर्क वापराचे नियम वाचले, मला मान्य आहेत.' रांग लांब असते, मागं पहाटेच्या एसटीनं गडहिंग्लजहून आलेलं पोरगं ताटकळलेलं असतं, म्हणून सही ठोकून माणूस पुढं सरकतो. पुढं महिन्याभरात वायफाय बंद पडतं, आयडी ब्लॉक होतो किंवा ग्रंथालयातली जर्नल्स उघडेनाशी होतात, आणि तेव्हा कळतं की त्या पानावर काहीतरी लिहिलं होतं.

ते पान वाचायला घेतलं तरी फार उलगडा होत नाही, कारण त्यात नुसती 'करू नये'ची यादी असते. 'का' लिहिलेलं नसतं. खरं तर यातले जवळजवळ सगळे नियम दोनच गोष्टींतून निघतात. बाहेरच्या जगाला अख्खा कॅम्पस एकाच पत्त्यानं दिसतो, आणि आतमध्ये मात्र प्रत्येक हालचाल कुणाच्या तरी लॉगिनच्या नावावर जमा होते.

वाडा एक, बिऱ्हाडं हजार

कोल्हापुरात विद्यानगरातल्या शिवाजी विद्यापीठासारखा शेकडो एकरांचा परिसर असो की राजारामपुरीतल्या गल्लीतलं चार मजली कॉलेज, नेटची मांडणी ढोबळमानानं सारखीच असते. आतल्या प्रत्येक मशीनला एक आतला पत्ता मिळतो. तो १० नं, १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान किंवा १९२.१६८ नं सुरू होतो. हे पत्ते फक्त घरात चालतात, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. म्हणून फाटकावर बसलेली फायरवॉल बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवरचा आतला पत्ता पुसते, त्या जागी संस्थेचा सार्वजनिक पत्ता लावते आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं याची नोंद ठेवते. जुन्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं एकाच घरनंबरावर यावीत आणि दारातल्या माणसानं ती ज्याची त्याला वाटावीत, तसा हा प्रकार.

याचा परिणाम असा की एकानं केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. एखाद्या लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस रात्रभर स्पॅम मेल पाठवत बसला, तर काळ्या यादीत त्या लॅपटॉपचा नाही, संस्थेचा पत्ता जातो. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांची मेल समोरच्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडायला लागते. साधं गूगलवर काही शोधायला गेलं तरी 'तुम्ही रोबो नाही ना' म्हणून झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखत बसावं लागतं. त्या वेळी संगणक केंद्रातली माणसं एकेका इमारतीचं कनेक्शन तोडून तो लॅपटॉप हुडकत असतात.

पाण्याची पाळी

बँडविड्थ, म्हणजे लाईनमधून एका सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो, हा शब्द पत्रकात हमखास असतो. नदीकाठच्या उपसा सिंचन योजनेचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना तो समजावून सांगायची गरज नाही. मोटर एक, पाईपलाईन एक, पाळी सगळ्यांची.

हिशेब करून बघू. संस्थेकडं १ गिगाबिटची लाईन आहे असं धरा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ज्ञान जालातून अनेक विद्यापीठांना एवढी लाईन मिळालेली आहे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण एका वेळी २००० माणसं वापरायला बसली तर वाट्याला येतो अर्धा मेगाबिट. मोबाईलवर बऱ्यापैकी दिसणाऱ्या व्हिडिओला साधारण एक ते दीड मेगाबिट लागतो. म्हणजे सगळेच एकदम व्हिडिओ बघायला लागले तर ते गणित बसतच नाही. चालतं ते केवळ सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून. ४ जीबीचा एक सिनेमा म्हणजे ही अख्खी लाईन ३२ सेकंद एकट्यानं वापरणं.

टॉरेंटवर, म्हणजे एकमेकांच्या मशीनमधून फाईलचे तुकडे उतरवण्या-पाठवण्याच्या पद्धतीवर, एवढा राग का, याचं उत्तरही इथंच आहे. चोरीचा सिनेमा हा भाग वेगळा, पण तांत्रिक कारण असं की लाईन भरली की ती साधारणपणे माणसागणिक वाटली जात नाही, जोडणीगणिक वाटली जाते. तुमच्या ब्राउझरनं एक फाईल उतरवायला एक जोडणी उघडली, शेजारच्यानं डाउनलोड मॅनेजर लावून १६ उघडल्या, तर त्याला अंदाजे तुमच्या सोळापट पाणी. टॉरेंट तर डझनांनी जोडण्या उघडतं आणि वर पाठवण्याची बाजूही भरून टाकतं. वर पाठवण्याची बाजू तुंबली की साधं पान उघडण्याची मागणीसुद्धा फाटकात अडकते, आणि 'नेट आहे पण चालत नाही' ही तक्रार सुरू होते. फायरवॉलवर माणशी मर्यादा घालता येते आणि बहुतेक ठिकाणी घातलेली असते. मर्यादा संपली की वेग उतरतो. हा बिघाड नव्हे, पाळी संपली एवढंच.

मोठी फाईल खरंच लागत असेल, म्हणजे लिनक्सची प्रतिमा, उपग्रहाचा डेटा, जनुकक्रमाच्या फायली, तर ती रात्री बारानंतर उतरवायला लावावी किंवा संगणक केंद्राला आधी सांगावं. बरेचदा ती फाईल आतल्या सर्व्हरवर आधीच कुणीतरी आणून ठेवलेली असते.

लॉगिन म्हणजे सही

बाहेर पत्ता एक असला तरी आत हिशेब चोख असतो. पानभर नियमांतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि सर्वांत जास्त मोडला जाणाराही.

समजा कॅम्पसमधून कुणीतरी धमकीची मेल पाठवली. तपास करणाऱ्याला त्या मेलसेवेकडून तीन गोष्टी मिळतात: संस्थेचा सार्वजनिक पत्ता, पोर्ट क्रमांक (बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला फायरवॉल देते तो आकडा) आणि वेळ. तो संस्थेकडं येतो. फायरवॉलची नोंद सांगते की त्या सेकंदाला तो पोर्ट आतल्या अमुक पत्त्याला दिलेला होता. दुसरी नोंद सांगते की तो आतला पत्ता त्या वेळी अमुक मशीनकडं होता, आणि तिसरी नोंद सांगते की त्या मशीनवरून अमुक आयडीनं लॉगिन केलं होतं. इथं साखळी संपते. चौथी नोंद, म्हणजे कीबोर्डवर बोटं कुणाची होती, ती कुठंच नसते. रूममेटला 'जरा वापर' म्हणून पासवर्ड दिला असेल तर उत्तर द्यायला तुम्ही उभे.

या नोंदी ठेवणं ही संस्थेची हौस नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण फायरवॉलचं घड्याळ चार मिनिटं पुढं असेल तर त्या चार मिनिटांत तो पोर्ट दुसऱ्याच कुणाला गेलेला असू शकतो आणि संशय भलत्याच माणसावर जातो.

नोंदीत काय दिसतं आणि काय दिसत नाही, याबद्दल वसतिगृहात बऱ्याच वावड्या असतात. कुठल्या वेळी कुठल्या साइटला जोडणी झाली आणि किती डेटा गेला, हे दिसतं. कुलूपाचं चिन्ह असलेल्या साइटवर तुम्ही आत काय वाचलं, व्हॉट्सअॅपवर काय लिहिलं, हे साधारणपणे दिसत नाही. अपवाद एकच: संस्थेनं तुमच्या मशीनमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (ब्राउझरनं फायरवॉलवर विश्वास ठेवावा म्हणून टाकलेली ओळखपत्राची फाईल) टाकायला लावलं असेल, तर फायरवॉल तो मजकूर मध्येच उघडून तपासू शकते. लॅबच्या मशीनवर असं असेल तर तिथं बँकेचे व्यवहार करू नयेत. स्वतःच्या लॅपटॉपवर ते टाकायला सांगितलं तर कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

व्हीपीएनला, म्हणजे तुमचं सगळं नेट झाकून तिसऱ्याच सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सेवेला, बंदी असते ती याच साखळीमुळं. फुकट व्हीपीएन लावला की फाटकावर फक्त एकच जोडणी दिसते, पुढचं सगळं अंधारात. शिवाय काही फुकट व्हीपीएन आपल्या ग्राहकांची लाईनच दुसऱ्यांना भाड्यानं देतात. म्हणजे तुमच्या लॉगिनवरून परदेशातला कुणीतरी फिरत असतो आणि नोंद पडते तुमच्या नावावर.

लॅबच्या मशीनवर उठताना तीन गोष्टी कराव्या: मेलमधून साइन आउट, नेटच्या लॉगिन पानावरून लॉगआउट, मग विंडोजमधून साइन आउट. नुसती खिडकी बंद केल्यानं यातलं काहीच होत नाही. विसरून घरी आलात तर फोनवर गूगल खात्यात जाऊन 'सुरक्षा', तिथून 'तुमची डिव्हाइसेस' उघडा आणि अनोळखी मशीनसमोर साइन आउट दाबा. मग पासवर्डही बदला.

पासवर्ड लांब असावा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला वीस अक्षरी पासवर्ड, मध्ये चिन्हं घुसडलेल्या आठ अक्षरी पासवर्डपेक्षा टिकाऊ आणि लक्षात ठेवायला सोपा. जन्मतारीख, पीआरएन क्रमांक आणि 'जय शिवराय' पुढं १२३ हे तीन प्रकार सगळ्यात आधी तपासले जातात असं धरून चाला. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदला, असा नियम काही पत्रकांत अजून आहे. तो आता जुना झाला. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की गळती झाल्याचं कळलं तर बदला, उगाच दर महिन्याला नको, कारण लोक शेवटचा आकडा एकनं वाढवतात आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतात.

वसतिगृहातला राऊटर

१९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून कोल्हापूर हे वसतिगृहांचं गाव आहे, आणि कॅम्पस नेटवर्कच्या निम्म्या भानगडी वसतिगृहातच जन्माला येतात. त्यातली ठरलेली भानगड म्हणजे शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेला घरगुती राऊटर भिंतीतल्या सॉकेटला जोडणं.

हे दोन तऱ्हेनं बिघडतं. राऊटरला मागं एक वेगळ्या रंगाचं भोक असतं, ते बाहेरच्या लाईनसाठी, आणि चार सारखी भोकं असतात, ती घरातल्या मशीनसाठी. वायर चुकून त्या चारांपैकी एकात गेली तर राऊटर स्वतःला घरमालक समजतो आणि मजल्यावर जो कुणी पत्ता मागेल त्याला पत्ता वाटायला लागतो. मशीनला ज्याचं उत्तर आधी येतं ते ती घेते. राऊटर तर भिंतीपलीकडंच बसलेला, त्यामुळं बऱ्याचदा त्याचंच आधी पोचतं. मग मजल्यावरच्या निम्म्या लॅपटॉपना १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असे पत्ते मिळतात, वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं आणि नेट मात्र शून्य. ओळखायची खूण हीच: नेहमी १० नं सुरू होणारा तुमचा पत्ता अचानक १९२ नं सुरू झाला, तर मजल्यावर कुणीतरी राऊटर लावलाय. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं पत्ता देणारं कुणीच सापडलेलं नाही, म्हणजे वायर सैल आहे, सॉकेट मेलंय किंवा रॅकमधला स्विच (मजल्यावरच्या वायरी जिथं एकत्र जोडलेल्या असतात ती पेटी) बंद आहे.

वायर बरोबर भोकात घातली तर नेट चालतं, पण मग दुसरी अडचण. राऊटरमागची पाच-सहा पोरं फायरवॉलला एकच मशीन म्हणून दिसतात आणि सगळी नोंद राऊटरवाल्याच्या आयडीवर पडते. आधीच्या भागातली साखळी इथं तुटते. बऱ्याच ठिकाणचे स्विच असा राऊटर ओळखून ते सॉकेटच आपोआप बंद करतात. तुमचं सॉकेट असं एकाएकी मेलं असेल तर वायर बदलत बसू नका, राऊटर काढून संगणक केंद्राला फोन करा. खोलीत सिग्नल खरंच पोचत नसेल तर तसा अर्ज द्या. ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी पेटी) हलवणं किंवा वाढवणं हे त्यांचं काम आहे.

आणखी एक धोका स्वस्त, चार-पाच भोकांच्या स्विचचा. मोकळी लोंबणारी वायर 'नीट' करायची म्हणून कुणीतरी तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खुपसतो. सगळ्यांसाठी म्हणून निघालेला निरोप मग त्या चक्रात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत सगळा मजला गार. स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकायला लागले तर आधी हीच वायर शोधा.

मोबाईल हॉटस्पॉटवरही नियम का, असा प्रश्न येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. एका वर्गात वीस हॉटस्पॉट चालू असतील तर कॉलेजच्या वायफायला बोलायला जागाच राहत नाही. गणपतीत एका चौकात चार मंडळांचे स्पीकर लागले की शेजारच्याचं ऐकू येत नाही, तेच. हॉटस्पॉट लागलाच तर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. तिथं जागा जास्त आहे आणि भिंतीपलीकडं तो फारसा जात नाही.

कॉरिडॉरमधल्या ॲक्सेस पॉइंटची किंवा रॅकची पिन काढून फोन चार्जिंगला लावू नये, हा नियम लिहावा लागतो हे दुर्दैव, पण लागतो. वळवाच्या पावसात लाईट ये-जा करते, तेव्हा लाईट आल्यावर स्विच आणि ॲक्सेस पॉइंट उभे राहायला पाच-सात मिनिटं जातात. तेवढी कळ काढावी. बटणं खालीवर करून ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

'तुमची डिव्हाइसची मर्यादा संपली'

माणशी दोन किंवा तीन उपकरणं, अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. 'माझा तर एकच फोन आहे, मर्यादा संपली कशी?' ही तक्रार खरी असते, आणि तिचं कारण फोनमध्येच असतं. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून एक मॅक पत्ता मिळतो. हल्लीचे फोन गोपनीयतेसाठी तो लपवतात आणि प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता दाखवतात. ग्रंथालयाच्या वायफायचं नाव वेगळं, वसतिगृहाचं वेगळं, की एक फोन यंत्रणेला दोन वाटतो. फॉर्मवर 'फोनबद्दल' या पानावरचा मॅक लिहिला असेल तर तो वायफायला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतच नाही.

उपाय साधा आहे. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावापुढचं चाक दाबून 'गोपनीयता' उघडा आणि 'डिव्हाइसचा मॅक वापरा' निवडा. आयफोनमध्ये त्याच जागी 'खासगी वायफाय पत्ता' बंद करा. हे फक्त कॅम्पसच्या वायफायपुरतं करा. एसटी स्टँडवरच्या किंवा चहाच्या टपरीवरच्या फुकट वायफायला बनावट पत्ताच बरा.

काही संस्थांत एज्युरोम असतं. त्यात आपल्या संस्थेच्या आयडीवर देशपरदेशातल्या दुसऱ्या सदस्य विद्यापीठांतही वायफाय चालतं. भारतात ते अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांना नेट पुरवणारी यंत्रणा चालवते. जोडताना फोन सर्टिफिकेटबद्दल विचारतो, तिथं घाईनं 'तपासू नका' निवडलं तर त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करणाऱ्यालाही तुमचा पासवर्ड मिळू शकतो. संस्थेनं दिलेल्या सूचनेत जे लिहिलंय तेच निवडा.

एका माणसानं बंद पाडलेलं ग्रंथालय

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची तरतूद आहे. चंदगडच्या मुलानं एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जगातलं महागडं जर्नल आपल्या लॅपटॉपवर उघडावं, ही गोष्ट लहान नाही.

पण प्रकाशक तुम्हाला ओळखतो कसा? अनेकदा त्याच वाड्याच्या एका पत्त्यावरून. संशोधक विद्यार्थी कधीकधी 'नंतर लागेल' म्हणून एका जर्नलचे वीस वर्षांचे अंक एका रात्रीत उतरवायला लावतो, स्क्रिप्ट लिहून किंवा ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेंशन टाकून. प्रकाशकाच्या यंत्रणेला मिनिटाला शेकडो पीडीएफ एकाच पत्त्यावर जाताना दिसतात, ती चोरी समजते आणि पत्ताच बंद करते. बंद त्या विद्यार्थ्याचं नाही, सगळ्या विद्यापीठाचं होतं. ते उघडायला ग्रंथपालाला पत्रव्यवहार करावा लागतो, आणि नेमकी कुणाची तरी पीएचडी जमा करायची तारीख त्याच आठवड्यात असते.

म्हणून लागतील ते लेख एकेक करून उतरवा. अख्खा अंक, अख्खं वर्ष नको. पानावरचे सगळे दुवे आधीच उघडून ठेवणारे 'वेग वाढवणारे' एक्स्टेंशन जर्नल वाचताना बंद ठेवा, कारण तुमच्या नकळत ते हाच उद्योग करतात. मजकुराचं संगणकानं विश्लेषण करायचं असेल तर त्यासाठी प्रकाशकांची वेगळी वाट असते, ती ग्रंथपालाकडून विचारून घ्या. आणि खासगी कंपनीत लागलेल्या मित्राला आपला आयडी देऊ नका. घरून वाचायचं असेल तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या इन्फेड या लॉगिन सेवेतून, स्वतःच्याच संस्थेच्या लॉगिननं वाचता येतं.

लॅबमधली मशीन

डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फाईल दुसऱ्या दिवशी गायब, ही पहिल्या वर्षाची नेहमीची रड. अनेक लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, ते मशीन बंद-चालू झाली की सगळं पूर्वस्थितीला आणतं. व्हायरस गेला तशी तुमची असाइनमेंटही गेली. काम नेहमी ड्राइव्हवर, मेलवर किंवा लॅबनं दिलेल्या नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवा.

पेनड्राइव्हचा रोग जुनाच आहे: प्रिंटच्या दुकानातून आणला की सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली. फायली पुसल्या जात नाहीत, लपवल्या जातात, आणि त्यांच्या जागी ठेवलेल्या शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालतो. म्हणून क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसनं तपासा, मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'लपवलेल्या फायली दाखवा' चालू करून खरी फोल्डरं दुसरीकडं उतरवा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. त्याहून सोपं म्हणजे दुकानात पेनड्राइव्ह नेऊच नका, पीडीएफ मेल करा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची एक खास अडचण असते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल लॅबमध्ये उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो. मग तो फॉन्ट कुठून तरी शोधून मशीनमध्ये टाकायची धडपड सुरू होते, आणि 'परवानगीशिवाय सॉफ्टवेअर टाकू नये' हा नियम तिथं मोडतो. फुकट फॉन्ट देणाऱ्या कित्येक साइट फॉन्टबरोबर भलतंच काही देतात. सुरुवातच युनिकोडमध्ये करा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचाही आहे. वेगळं काहीच टाकावं लागत नाही. जुनी प्रकरणं फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, पण नंतर डोळ्यांनी तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास सटकतात.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल कायद्यापेक्षा साधं कारण सांगतो. फुकट 'ॲक्टिव्हेटर' चालवायच्या आधी ते अँटिव्हायरस बंद करायला सांगतं. कुत्र्याला बांधून चोराला घरात घ्यायचं, असा हा सौदा आहे. लिब्रे ऑफिस, आर, पायथन, क्यूजीआयएस ही सगळी फुकट आणि कायदेशीर आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप ११ पेलत नसेल तर त्यावर लिनक्स टाकून कॅम्पसच्या नेटवर आणा.

मेल, यादी आणि कलमं

संस्थेचा मेल आयडी परीक्षा, शिष्यवृत्ती, जर्नल यांसाठी. 'तुमची मेलबॉक्स भरली, २४ तासांत खातं बंद' अशी मेल आली की दुवा दाबण्याआधी पत्ता शेवटाकडून वाचा. शिवाजी विद्यापीठाचा पत्ता 'युनिशिवाजी डॉट एसी डॉट इन' असा संपतो. हेच शब्द आधी येऊन शेवटी भलतंच काही असेल तर तो पत्ता त्या शेवटच्याचा. संगणक केंद्र कधीही मेलवर पासवर्ड मागत नाही. जागेची मर्यादा मात्र खरी असते. गूगलनं २०२२ पासून शिक्षणसंस्थांना अमर्याद जागेऐवजी सगळ्यांत मिळून १०० टीबी मूळ जागा दिली, तेव्हापासून खात्यागणिक कोटा आला. पदवी संपली की खातं बंद होऊ शकतं, त्याआधी गूगल टेकआउटमधून आपलं सामान काढून घ्या.

शिक्षक आणि कार्यालयांसाठीही नियम आहेत, याचा विसर पडतो. विद्यार्थ्यांची नावं, मोबाईल, आधार क्रमांक, जात असलेली एक्सेलची यादी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या काळात शोभत नाही. रोल नंबर आणि गुण पुरेसे असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, व्हायरस सोडणं, सेवा बंद पाडणं हे कलम ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं की कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं वापरणं म्हणजे कलम ६६सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गंमत म्हणून मित्राच्या आयडीनं परीक्षा अर्ज भरणारे इथं येऊ शकतात. एखाद्या जुन्या पत्रकात ६६ए कलमाची धमकी दिसली तर ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलंय. 'आक्षेपार्ह मजकूर टाकल्यास कारवाई' एवढंच लिहून थांबणारी पत्रकंही सुधारायला हवीत. आक्षेप कुणाचा आणि ठरवणार कोण, हे त्यात लिहिलेलं असावं.

गडबड झालीच तर

फायलींची नावं आपोआप बदलायला लागली, पैसे मागणारा पडदा आला किंवा तुम्ही न पाठवलेल्या मेल जाताना दिसल्या, तर आधी नेटची वायर उपसा आणि वायफाय बंद करा. मशीन मात्र बंद करू नका आणि फॉरमॅट तर मुळीच नको, कारण तपासाला लागणारा पुरावा चालू मशीनच्या मेमरीत असतो. पडद्याचा फोनवर फोटो घ्या, घड्याळातली वेळ लिहा, शेवटी काय उघडलं होतं ते आठवून लिहा. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. मग संगणक केंद्राला फोन करा, आणि तो त्याच तासात करा. ज्या संस्थांना सर्ट-इनचे निर्देश लागू आहेत त्यांना अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि ओरडा बसेल म्हणून विद्यार्थ्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत लपवलं तर तोवर शेजारच्या मशीनही गेलेल्या असतात. खात्यातून पैसे गेले असतील तर संगणक केंद्राच्याही आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे दोन-तीन खात्यांतून पुढं सरकायच्या आत बँकेनं ते अडवले तरच हाती लागतात, म्हणून तो फोन लावताना यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) आणि रक्कम समोर लिहून ठेवलेली असावी.